सासऱ्यांची गिटार आणि साबणाची डबी

आयटीत नवी नोकरी लागली होती. गळ्यात ओळखपत्र आलं आणि अंगात वारं भरलं. त्या भरात मी सासुरवाडीला जाहीर केलं, की बायकोच्या मैत्रिणीच्या नागपूरच्या लग्नात गिटार मी वाजवणार. माझ्याकडे गिटार नव्हती. सासऱ्यांकडे होती. मुलगी देताना ते फारसं बोलले नव्हते. गिटार देताना मात्र बोलले.

"जावईबापू, मे महिन्यातलं नागपूर आहे. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, तडकतं. आपण संगणक सांभाळता, हे झेपेल?"

उपाय त्यांनीच दिला: भोकं पाडलेली साबणाची डबी, आत घट्ट पिळलेला ओला स्पंज. ती गिटारच्या पेटीत ठेवायची आणि स्पंज सुकू द्यायचा नाही.

रेल्वेचा एसी डबा म्हणजे कोरडा ठणठणीत. दौंड येईपर्यंत मी स्पंज तीनदा भिजवला.

"अहो, मंडईतली कोथिंबीर आहे का ती?" बायको म्हणाली.

मनमाडच्या पुढे पेटीतून आवाज आला. टक्! मी पेटी उचलून मांडीवर घेतली.

"उघडून बघा ना."

"नको."

नागपूरपर्यंत ती पेटी मी मांडीवरून हलवली नाही आणि उघडलीही नाही. लग्नघरी कूलरजवळ बसून, डोळे अर्धे मिटून झाकण उचललं. साबणाच्या डबीचं टोपण उडालं होतं, एवढंच! मी मोठ्याने हसलो. आणि मग दिसली, तारा अडकवतात त्या पट्टीखाली, केसाएवढी चीर.

लग्नात मी काय वाजवलं ते आठवत नाही. पाहुण्यांनाही ओळखता आलं नाही. नजर सारखी त्या चिरेवर जात होती. परतीच्या वाटेवर कबुलीची चार भाषणं रचली आणि सासऱ्यांसमोर चारही विसरलो.

"बाबा, ही चीर... माझ्या हातून..."

त्यांनी चष्मा चढवला, चिरेवरून नख फिरवलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला. ही चीर माझी आहे. गिटार हिच्या वडिलांची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी अकोल्याला नेली होती. हिला अजून ठाऊक नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर आपण स्पंज भिजवला असता?"

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय कुजबुजताय? गिटार नीट आली ना?"

"अगदी जशी नेली होती तशी!" आम्ही दोघे जावई एकदमच ओरडलो.