खालचा माणूस

निवे गावापलीकडच्या वाड्यांची वीजलाइन अलाउद्दीन वायरमन आठ वर्षं एकटा सांभाळत होता. कागदावर मात्र ते दोघं होते. दुसरा दामू. तो कधीचाच बदलून गेला होता. जागा कुणी भरली नाही आणि जोडीदाराच्या रकान्यातलं त्याचं नावही कुणी खोडलं नाही.

कामाची रीत दोघांची. खालच्यानं खांबाच्या बुडाशी असलेल्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून आपल्या खिशात घालायचे. वरच्यानं खांबावरून विचारायचं, "बंद?" खालच्यानं ओरडायचं, "बंद!" मगच वरच्याचा हात तारेला. अलाउद्दीन फ्यूज स्वतःच काढायचा, खिशात घालून वर चढायचा, विचारायचा, आणि आवाज जाड करून उत्तरही स्वतःच द्यायचा. दामूचा आवाज जाड होता.

एकदा ते दोन आवाज ऐकून वाडीतली आक्काबाई दोन कप चहा घेऊन आली.

"दुसरं वायरमन कुटं हायेत?"

"वड्याला गेलंय."

"आन च्या निवंल की!"

"ठिवा तितं. येतोय."

ती गेली. त्यानं आपला कप प्यायला. दुसऱ्याकडे बघत बसला, आणि पार गार झाल्यावर तोही प्यायला.

बायको बीबीजान गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. एखाद्या दिवशी तोंडून 'बंद' एवढाच शब्द निघायचा.

१९८२च्या थंडीत हुकूम आला. प्रत्येक वायरमननं तीन दिवसांचं सुरक्षेचं शिक्षण घ्यायचं. कार्ड मिळालं तरच खांबावर चढायचं. निघताना कचेरीतल्या हैबतरावांनी बजावलं, "जोडीदाराचं नाव इचारतील. दामू सांग. शहाणपणा करू नगंस. कार्ड न्हाई मिळालं तर लाइन गेली तुझी. बस मग गोदामात तारेची भेंडोळी उचलत."

महाळुंग्याच्या माळावर सरावाचे तीन खांब पुरले होते. वरच्या तारेत जीव घेण्याएवढा करंट नव्हता. फ्यूज जागेवर असताना हात लागला तर घंटा वाजायची, एवढंच. दोन दिवस साहेबांनी शिकवलं. रबरी हातमोजे भोक पडलंय का ते फुगवून बघायचे. चिकटलेल्या माणसाला हातानं ओढायचं नाही, सुक्या लाकडानं ढकलायचं. तिसऱ्या दिवशी परीक्षा.

अलाउद्दीनच्या खाली मारुंजीचा बहिरू होता, तोंडात तंबाखू आणि अखंड बडबड.

"चाचा, माज्या जिवावर चढताय, बरं का. एवढा इश्वास बायकोनं न्हाई टाकला माज्यावर."

अलाउद्दीन चढला. कमरेचा पट्टा खांबाला अडकवला.

"बंद?" आणि मध्ये श्वासही न घेता, जाड आवाजात, "बंद!"

हात तारेला गेला. घंटा खणखणली.

बहिरू पेटीपाशी तसाच वाकलेला. "आवो चाचा! म्या अजून काडलंच न्हाईत! उत्तर दिलं कुनी?"

"वरनं भूत बोललं!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

साहेब हसले नाहीत. "खरी लाइन असती तर आत्ता मी तुमच्या घरी माणूस पाठवत असतो. पुन्हा एकदा. शेवटची संधी."

घरी कोण होतं? अलाउद्दीन परत चढला.

"बंद?"

त्यानं जीभ दातांत धरली. खाली एक फ्यूज घट्ट बसला होता, बहिरू कुथत होता. अलाउद्दीनच्या घशात तो जाड आवाज येऊन थांबला, धडका मारू लागला. त्यानं ओठ गच्च मिटले.

"बंद हाय, चाचा! तिन्ही माज्या खिशात!"

हात उठेना. तार एकदम धुरकट दिसायला लागली.

"चाचा, झोपला काय?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि तार धरली. घंटा वाजली नाही.

खाली टेबलाशी साहेबांनी कार्ड पुढं ओढलं. "पास. तिकडं लाइनवर जोडीदार कोण?"

दामू. दोन अक्षरं. सांगितलं की उद्या सकाळी अलाउद्दीन आपल्या खांबांखाली उभा असणार होता. ती लाइन सोडून त्याच्याजवळ होतं काय?

"साहेब, खाली कुनी नसतं."

"म्हणजे?"

"मीच इचारतो, मीच सांगतो. आठ वर्सं. मगाशी त्येच झालं. आन तितं घंटी न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हे कार्ड देता येत नाही, अलाउद्दीन. कळतंय ना?"

"व्हय."

"एखादं नाव असेल तर आठवून बघा."

"न्हाई, साहेब."

तो गोदामात आला. तिथं चारजण होते. दुपारी गोल करून जेवायचे, त्यालाही हाक मारायचे. तो "झालंय" म्हणून भेंडोळ्यांमागं बसून डबा खायचा. घास घेताना कुणी बघितलं की त्याला गिळवत नसे. हैबतरावांनी तर त्याच्याशी बोलणंच सोडलं. पण लाइनला कार्डवाला कुणीच नाही म्हटल्यावर कचेरीला माणसं देणं भाग पडलं. दोन महिन्यांनी त्या लाइनवर दोघं नेमले गेले, आणि त्यांतला एक पोरगा तार न्यायला गोदामात आला.

"चाचा, वड्याकाठचा खांब कसा हाय?"

"कललाय. वरच्याला सांग, पट्टा उजवीकडनं घे म्हनावं. खाली कोन ऱ्हातं?"

"मी."

"मग घसा तानून बोल. वर वारं लई असतंय, ऐकू येत न्हाई."

पोरानं भेंडोळं खांद्यावर टाकलं. दारात थांबून म्हणाला, "वाडीत कुनाला निरोप सांगू का?"

अलाउद्दीन बराच वेळ आठवत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला. "जा, उनाच्या आत पोचा."