ओळख करून देणारे साडू

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात कोणत्याही दोन माणसांची ओळख असेल, तर ती एक तर सोयरिकीतून झालेली असते, नाही तर आमच्या साडूंनी करून दिलेली असते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राईस मिलच्या मशीनला लागणारे पट्टे विकायचं त्यांचं दुकान होतं. पण जीव रमायचा तो व्यापाऱ्यांच्या स्नेहसंमेलनांत. दिवाळी मिलन असो की नव्या मिलचं उद्घाटन, साडू मंडपवाल्याच्या आधी हजर.

अशा ठिकाणी कसं वागावं याचं त्यांचं एक शास्त्र होतं. घरून जेवून जायचं, कारण तोंडात घास असला की समोरच्याचं नाव नीट घेता येत नाही. ताटात एक पापड तेवढा घ्यायचा; रिकाम्या हाताचा माणूस वर्गणी मागायला आल्यासारखा दिसतो. आणि उभं राहायचं ते हात धुण्याच्या नळाजवळ. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तिथं सगळ्यायले यावंच लागते. अन् ओल्या हातानं कोणी मोबाईल काढत नाही."

नळाजवळ आलेल्याच्या गुडघ्याची, म्हशीची, मुलीच्या परीक्षेची चौकशी होई, आणि हात वाळायच्या आत तो दुसऱ्या कुणाच्या तरी स्वाधीन केला जाई. उकवा गावचा एक ट्रकवाला त्यांनी असाच एका मिलमालकाच्या स्वाधीन केला. दोघांचा धंदा जुळला, पुढे मुलंही जुळली. लग्नात साडूंना दोन्हीकडून फेटे आले. एक त्यांनी बांधला आणि दुसरा काखेत धरून तिथेही नळाजवळच उभे राहिले.

वारासिवनीचे दोन सख्खे भाऊ वाटणीवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका दिवाळी मिलनात दोघे नेमके एकाच वेळी हात धुवायला आले. साडूंनी थोरल्याला शांतपणे सांगितलं, "हे तुमच्याच लाइनचे हायेत. धानाची मिल आहे. स्वभाव जरा तापट, पण माणूस चांगला." मग धाकट्याकडे वळून त्यांनी थोरल्याबद्दल तेच शब्द तेवढ्याच गांभीर्यानं सांगितले. लोक पाहत होते, त्यामुळे भावांना हात जोडावे लागले. काहीतरी बोलायला हवं म्हणून थोरल्यानं धाकट्याला गाव विचारलं. पुढे दोघे हसले की रडले याबद्दल मतभेद आहेत. घरी मात्र एकाच गाडीतून गेले.

या सगळ्यात पट्टे काही विकले जात नव्हते. नवे मिलवाले मोबाईलवरून माल मागवू लागले आणि दुकानात साडू व पट्टे एवढेच उरले. शेवटी रामपायलीकडे एक मोठी मिल उभी राहतेय असं कळलं. त्या मालकाचं काम मिळालं तर दुकान तरणार होतं. मेहुणीनं मला बोलावून घेतलं. "भाऊजी, वारासिवनीच्या कार्यक्रमाले ते मालक येनार हायेत, तुम्ही संग जा. हे सगळ्यायचं बोलतात, आपलंच तेवढं बोलत नाही."

मी गेलो. मालक नळाजवळ आले. साडूंनी आधी माझी ओळख करून दिली. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, मला मधुमेह नाही, हे सगळं त्यांना कळलं. मी साडूंना कोपरानं ढोसलं. तेवढ्यात मालक आपण होऊन म्हणाले की मशीन आल्या आहेत, पट्ट्यांसाठी कोणी भरवशाचा माणूस पाहिजे. मी देवाचे आभार मानले. साडूंनी मंडपाच्या खांबाकडे पाहिलं. तिथे मला अनोळखी असलेले एक गृहस्थ ताट धरून कधीचे उभे होते. साडूंनी त्यांना हाक मारून जवळ बोलावलं. "हे कटंगीचे. नवीनच दुकान टाकलं यायनं. पट्ट्याचंच हाय."

परतताना बसमध्ये मला राहवलं नाही, काहून असं केलं म्हणून विचारलं. साडू खिडकीबाहेर पाहत होते.

"त्यांच्यासंग कोणीच बोलून नव्हतं राह्यलं," ते म्हणाले.

घरी मेहुणी दारातच उभी होती. तिनं आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

त्याच वर्षी दुकान बंद झालं. आता ते दोघं मुलीकडे पुण्याला असतात, अकराव्या मजल्यावर. परवा फोनवर मी विचारलं, ओळखीपाळखी झाल्या का.

"लोक लय आहेत," साडू म्हणाले. "लिफ्टमध्ये रोज भेटतात. पण मी कोण, हे त्यायले सांगनारं कोणी पाहिजे ना. आपलं आपणच कसं सांगावं?"

पुण्याची गाडी गोंदियाहून किती वाजता सुटते, ते मी बायकोला विचारलं.