सांगलीहून बोलते आहे

मगदूम काकू फोनवर बोलायला उभ्या राहायच्या. पलंगावर आडव्या झालेल्या असोत की जेवणाचं ताट समोर असो, फोन वाजला की आधी उठायचं, पदर सारखा करायचा आणि मग बटण दाबायचं. पलीकडे सख्खी बहीण असली तरी सुरुवात ठरलेली: "नमस्कार. सांगलीहून बोलते आहे." आवाज स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. एरवी त्यांची बोली पलूसकडची, भरभर आणि खणखणीत. फोनवर मात्र वेगळीच बाई बोलते आहे असं वाटायचं.

आम्ही साताऱ्याहून सांगलीला राहायला आलो तेव्हा त्या शेजारी मिळाल्या. मी एका सूतगिरणीत हिशेब विभागात आहे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना उभं राहण्याचं कारण विचारलं.

"बसून बोललं की आवाज पोटात ऱ्हातोय, पवार. पलीकडच्याला वाटतंय बाई झोपल्या हायत."

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून झाली. नंबर फिरवला की थेट दिल्ली लागते, हे पुढचं. त्यांच्या सुरुवातीच्या काळात सांगलीच्या बाईनं पुण्याच्या बाईला हाक मारायची, पुण्याच्या बाईनं मुंबईला, असं माणसामागून माणूस जोडत जावं लागायचं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. "या कानानं मंत्री ऐकल्यात," त्या म्हणायच्या, "आन दोन मंत्री ताटकळत ठिवल्यात." का, असं विचारलं की छाती काढून सांगायच्या, "जवानाच्या बायकूचा कॉल होता आधी. तिचा नवरा तिकडं बॉर्डरवर रांगेत हुबा ऱ्हायला असंल. मंत्र्याला काय, खुर्ची असतीया."

अशा गोष्टी त्यांच्याकडे पुष्कळ. प्रत्येक गोष्टीत शेवटी काकूंचाच विजय व्हायचा. माझी बायको सुजाता हसून मला म्हणायची, "काकूंनी एकदा तरी चूक लाईन जोडली असेल की नाही?" मी म्हणायचो, जोडली असली तरी ती गोष्ट आपल्याला ऐकायला मिळणार नाही.

मला त्यांचं खरं काम पाहायला मिळालं ते सुजाताच्या लॅपटॉपमुळे.

सुजाता लग्नाआधी शाळेत गणित शिकवत होती. मग माझी बदली, मुलाचं आजारपण, सासूबाईंचं दुखणं असं होत तिचं शिकवणं सुटलं ते सुटलंच. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर तिनं परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन गणित शिकवणाऱ्या एका संस्थेत अर्ज केला. पहिली फेरी झाली. सोमवारी नमुना वर्ग घ्यायचा होता. लॅपटॉप हवा, कॅमेरा हवा, मोबाईल चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. वर्ग झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. शेहेचाळिसाव्या वर्षी अशी संधी पुन्हा येईल, असं तिला वाटत नव्हतं. ती तसं बोलली नाही, पण घरात भाकरी थापतानाही अपूर्णांक पुटपुटत होती.

मी कराडजवळ मलकापूरच्या एका दुकानातून जुना लॅपटॉप आणला. पुण्यातल्या एका कंपनीनं जुनी यंत्रं घाऊक विकली होती, त्यातला. दिसायला उत्तम. घरी येऊन कॅमेरा लावायला गेलो तर काळा पडदा. सेटिंगमध्ये गेलो तर तिथं लिहिलेलं, की हा कॅमेरा तुमच्या संस्थेनं बंद केला आहे. बटण होतं, पण करड्या रंगाचं आणि मेलेलं. वर्गाचं सॉफ्टवेअर बसवू लागलो तर प्रशासकाची परवानगी आणा म्हणे.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, रिसेट मारा की. नव्यासारखा हुतोय."

मी रिसेट केला. तासाभरानं यंत्र सुरू झालं आणि इंटरनेटला जोडताच त्या कंपनीचं नाव पडद्यावर झळकलं. आपलं स्वागत आहे, कार्यालयाचा ईमेल आणि पासवर्ड द्या. आता तर पुढं जाताच येईना. आधी निदान कॅमेऱ्यावाचून तरी चालत होता.

पुन्हा दुकानदाराला फोन लावला तेव्हा काकू आमच्याकडं दोडक्याच्या शिरा काढत बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता.

"त्याचं काय हाय साहेब, कंपनीच्या यादीत नंबर ऱ्हायला असणार त्याचा. घेऊन या. आपल्याकडं एक जण हाय, त्यो लॉक उडवून देतोय. कुणाला कळणार बी न्हाई."

मी निघायची तयारी करू लागलो. दुसरा लॅपटॉप घेणं त्या महिन्यात जमणार नव्हतं आणि सोमवार जवळ आला होता.

"बसा खाली," काकू म्हणाल्या. "कुणाला कळणार न्हाई म्हंतोय न्हवं? ज्याला कळायला नगं त्यालाच आधी फोन लावू."

"अहो काकू, एवढ्या मोठ्या कंपनीत कुणाला विचारणार?"

"कंपनीत माणसंच असत्यात ना? का म्हसरं?"

त्यांनी दोडका बाजूला सारला, हात धुतले आणि उभ्या राहिल्या. मग ट्रंक कॉलच्या जुन्या प्रतवारीनं मला विचारलं, "ह्यो कॉल कसला धरायचा? ऑर्डिनरी, अर्जंट का लाइटनिंग?" मी म्हणालो, लाइटनिंग. "छट्! लाइटनिंग मयताला न्हाईतर युद्धाला. ह्यो अर्जंट."

मी कंपनीचा नंबर शोधून दिला आणि फोन स्पीकरवर ठेवला. स्वागतकक्षातल्या मुलीनं सांगितलं, "मॅडम, मेल करा."

"मेल करतेच, बाळ. ती मेल कुणाच्या टेबलावर जाईल, त्यांचं नाव सांग."

मुलीनं नाव सांगितलं. त्या नावाच्या बाईंनी सांगितलं, हे आमच्याकडं नाही, स्टोअर्सकडं आहे. "स्टोअर्समध्ये कोण? आणि ते जेवायला कधी जातात?" काकूंनी कुणालाही पूर्ण कहाणी ऐकवली नाही. आपण कुठून बोलतो, कोण हवं, किती निकड, एवढंच. मी असतो तर पहिल्याच मुलीला रिसेटसकट सगळं सांगून मोकळा झालो असतो आणि तिनं फोन ठेवला असता.

स्टोअर्समधले गृहस्थ पहिल्यांदा त्रासलेले वाटले. दोन वाक्यांनंतर काकू थांबल्या, डोळे बारीक केले आणि एकदम घरातल्या बोलीत शिरल्या. "तुमी माणदेशातलं काय वो?"

पलीकडचा आवाजही गावाकडचा झाला. "म्हसवडचा हाय. तुमाला कसं कळलं?"

"कळतंय. आता नीट सांगा, घरच्या माणसाला सांगितल्यागत."

त्यांनी नीट सांगितलं. लॉट विकला होता हे खरं. कुलूप मात्र बंगळूरच्या कचेरीतून निघतं. मग ते जरा अडखळले. "काकू, एक सांगतो, राग मानू नका. काही मशीन चोरीला गेलेली हायत. तुमचं त्यातलं निघालं तर परत द्यावं लागंल. विचारलंच न्हाई तर... तुमचं तुमी बघा."

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि सुजाताकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलंही नाही. "ऐकलंस न्हवं? नंबर सांगितला की माघार न्हाई. जाईल बी कदाचित. वर्ग तुझा हाय, तू बोल."

सुजाता पदराला हात पुसत दारात उभी होती. मला वाटलं, ती माझ्याकडं बघेल. तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. त्या यंत्रावर तिचं काय काय अवलंबून होतं ते मला माहीत होतं, आणि मला मनातून वाटत होतं की तिनं नको म्हणावं.

"विचारा," ती म्हणाली. "चोरीच्या यंत्रावर बसून मी पोरांना काय शिकवणार?"

काकूंनी हात काढला. "बंगळूरच्या माणसाचं नाव सांगा."

बंगळूरचे श्रीनिवास इंग्रजीत बोलत होते आणि घाईत होते. काकूंचं माहेर सीमेलगतचं, जैन शेतकऱ्याचं. घरात निम्मं कानडी. "स्वल्प नोड्री," जरा बघा हो, असं त्या म्हणाल्या आणि पलीकडची घाई संपली. त्यांनी यंत्राचा नंबर विचारला. मी लॅपटॉप उलटा करून भिंग लावून वाचत होतो, काकू पुढं सांगत होत्या. "एम, म्हसवडचा. पी, पलूसचा." श्रीनिवासांना ना म्हसवड माहीत ना पलूस. पुढच्या अक्षरांना काकूंनी लगेच तिकडची गावं धरली. "बी, बेळगावचा. डी, धारवाडचा. एच, हुबळीचा." पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी नंबर पुन्हा एकदा पडताळून पाहिला. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

श्रीनिवास म्हणाले, तपासून उद्या सांगतो.

तो उद्या शनिवार होता. सुजातानं सकाळपासून घरातली सगळी भांडी घासून काढली. मी गिरणीतून दोनदा घरी फोन केला. काकू एरवी दुपारी झोपतात, त्या दिवशी झोपल्या नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "फोन यायचा हाय, गप जावा" म्हणत राहिल्या.

फोन आला तेव्हा मी घरी पोचलो होतो. काकू उठून उभ्या राहिल्या. सुजाताही उभी राहिली, मग मीही. काकू कानडीत ऐकत होत्या, मधेच हुंकार देत होत्या, चेहऱ्यावर काही कळू देत नव्हत्या. शेवटी त्यांनी आमच्याकडं पाहून होकारार्थी मान हलवली. यंत्र रीतसर विकलेलंच होतं. यादीतून नाव काढायचं राहून गेलं होतं. आता काढलं.

सुजाता लॅपटॉपचा पडदा पदरानं पुसू लागली. मी पुढं होऊन आभार मानायला फोन मागितला, पण काकूंनी हात आडवा केला. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. त्या पुन्हा कानडीत काहीतरी विचारत होत्या आणि पलीकडचे श्रीनिवास काहीतरी टाळत होते. काकू सोडायला तयार नव्हत्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आता आणखी काय?"

"आवं, आपला एकटाच कसा ऱ्हाईल? अख्खा लॉट तसाच अडकला असणार. एका नंबराची तक्रार आली की त्या केबलवरचं समदं नंबर बघायचं, ही आमच्या खात्याची रीत हाय. म्हनलं, बाकीचं बी सोडा. लोकं कुणाला ईचारणार?"

"आणि ते काय म्हणाले?"

"सोमवारी बघतो म्हनलं. मी म्हनलं, सोमवारी मी बी बघते."

त्या संध्याकाळी यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी कुणाचंही नाव आलं नाही. भाषा कोणती हवी, एवढंच त्यानं विचारलं. कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लागला आणि पडद्यावर सुजाता दिसली. तिनं घाईनं केस सारखे केले. काकू मागून वाकून म्हणाल्या, "मी जाड दिसतीया का गं ह्यात?"

सोमवारी वर्ग झाला. सुजातानं भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले. दूरच्या कुठल्यातरी गावातली एक चिमुरडी "टीचर, मला पण ती भाकरी हवी" म्हणाली, तेव्हा परीक्षक बाईसुद्धा हसल्या. आठवडाभरात निवडीचं पत्र आलं.

त्याच सुमारास मलकापूरच्या दुकानदाराचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. त्याच्याकडून गेलेले त्या लॉटमधले बाकीचे लॅपटॉपही मोकळे झाले होते. गिऱ्हाइकं आपणहून कळवत होती. एक कराडच्या नर्सिंगच्या मुलीचा होता, एक कुणा निवृत्त सुभेदारांचा. "बघा साहेब, आपला माल कसा असतोय! आपोआप उघडला!"

काकूंनी माझ्या हातून फोन घेतला. उभ्या तर होत्याच. "नमस्कार. सांगलीहून बोलते आहे. माल तुमचा, नाव बी तुमीच घ्या. खरं, पुढचा लॉट घेताना मालकानं सोडलाय का न्हाई ते आधी ईचारायचं. न्हाईतर मी मलकापुरास येईन." दुकानदारानं 'व्हय व्हय' केलं. पुढच्या वेळी त्यानं खरंच विचारून माल घेतला, हे मला त्याच्याकडूनच लॅपटॉप घेतलेल्या माझ्या मेव्हण्याकडून कळलं.

दोन वर्षांपूर्वी काकू पलूसला मुलाकडं राहायला गेल्या. एका कानानं ऐकू येईना झालं होतं, एकटं राहणं अवघड झालं. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. सुजाता आता त्या संस्थेत नव्या शिक्षकांना तयार करते. ते तिनं काकूंच्या बऱ्या कानाशी जाऊन सांगितलं.

"पोरं किती तुझी?"

"माझ्या स्वतःच्या वर्गात बावीस."

"रडत्यात किती?"

"एकही नाही, काकू."

"मग नीट शिकवत न्हाईस. गणितात एक तरी रडलं पायजे." आणि स्वतःच हसल्या.

मग त्यांनी सुनेला हाक मारली, शेजारच्या दोन बायकांना बोलावलं, द्राक्षबागेतून येणाऱ्या मुलालाही थांबवलं. मला वाटलं, आता मंत्री, जवानाची बायको आणि बंगळूरचे श्रीनिवास ओळीनं येणार. मी ऐकायच्या तयारीनं बसलोही.

काकूंनी सुजाताचा हात धरून तिला पुढं ओढलं. "ही सुजाता. हिचा वर्ग सात समुद्रापल्याड भरतोय. यंत्र जाईल म्हनून सांगितलं तरी 'ईचारा' म्हनली. म्या आयुष्यभर लोकांची लाईन जोडली, खरं अशी बाई न्हाई बगितली."

सुजाता लाजून म्हणाली, "अहो, मी काय केलं? फोन तर सगळे तुम्ही केले."

"फोन काय, कुणी बी करंल," मगदूम काकू म्हणाल्या, आणि शेजारणींकडं वळून त्यांनी तिची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. त्या गोष्टीत काकू स्वतः कुठंच नव्हत्या.