राजाचे सात मुक्काम

करपलेल्या तेलाचा वास आला की जळकोटची ती दुपार आणि भर उन्हात जळणारी गोंधळ्याची दिवटी आठवते. निजामाच्या पोलिसांनी रात्री जमायला बंदी केली होती, म्हणून माझ्या लग्नाचा गोंधळ भर उन्हात, आमच्या अंगणातल्या फरशीवर झाला. म्हातारा गोंधळी वनवासी राजाचा प्रवास नाचून सांगत होता. फरशी तापली म्हणून त्याच्या भावानं ओलं गोणपाट अंथरलं. "राजाला रानात गोणपाट कुणी अंथरलं होतं रं? काढ ते," माझे वडील म्हणाले. माणसं हसली. संबळ वाजवता वाजवता भावानं कथा आवरायला घेतली, "मग राजा घरी आला?" "लबाडी करतो व्हय? अजून सात मुक्काम राहिलेत," वडील ओरडले. म्हातारा नाचत राहिला. चौथ्या मुक्कामापासून फरशीवर त्याच्या तळव्यांचे लाल ठसे उमटू लागले. आरती झाली की गोंधळ संपतो आणि आरतीला नवरदेवानं उठायचं असतं. "मालक, उठा की आता," भाऊ हळूच मला म्हणाला. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मी सातही मुक्काम पाटावर बसून पाहिले. आज मी त्या गोंधळ्याच्या वयाचा आहे. माझा पाट मांडवाच्या सावलीत होता.