चढावरची टकटक

माझ्या धाकट्या भावाला मी धुळ्याच्या मोटार स्टँडवर, बसलेल्या उतारूंसमोर, पेट्रोलमध्ये घासलेट मिसळणारा म्हणालो. तो तसा नव्हता. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी लगेच त्याच्याकडे गेलो नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती असं आता वाटतं.

लढाईचे दिवस होते. आमची एक जुनी, कापडी टपाची मोटार होती. धुळ्याहून साक्रीला सीटा, म्हणजे उतारू, न्यायच्या आणि बाजार करून आलेली माणसं परत आणायची, हा आमचा धंदा. मोटार तो चालवायचा. मी सीटा भरायचो आणि बाजूच्या फळीवर उभा राहायचो. आमचे आईवडील लवकर गेले. माझं लग्न झालं तेव्हा तो चड्डी सावरत फिरणारा पोर होता, त्याला माझ्या बायकोनंच वाढवलं. मी ताटावर बसलो तरी पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची, आणि मी पाहिलं की ती म्हणायची, "तुम्हले नंतर."

खंडेनवमीला मोटारीची पूजाही तीच करायची. बॉनेट उघडून हळदकुंकू वाहायचं आणि आतल्या एका सळईला लाल नाडा बांधायचा. जुना नाडा तोडायचा नाही, तो आपसूक गळू द्यायचा, अशी आमच्या घरची रीत होती. पण इंजिनाच्या आत, वाऱ्यापावसाआड, नाडा कसला गळतो? दरवर्षी नवा नाडा जुन्यावरच चढत गेला. शेवटच्या नवमीला गाठ मारताना ती हसून म्हणाली, "याना ते पटकाच व्हई गया." त्याच थंडीत ती तापानं गेली.

टकटक त्याच सुमारास सुरू झाली. कदाचित थोडी आधीच झाली असेल. घरात बोलणारं कोणी उरलं नाही तेव्हा मला ती ऐकू यायला लागली, एवढं मात्र खरं. सपाटीवर काही नसायचं. चढ लागला आणि मोटार भरलेली असली की बॉनेटखाली कोणी लोखंडी कडी वाजवतंय असा आवाज यायचा, आणि चढ संपला की बंद. एकदा मागच्या सीटवरचे एक आबा म्हणाले, "आतमा कोनी तरी कडी वाजाडी राह्यनं, भाऊ, दार तर उघडा." सगळे हसले. मीही हसलो. भाऊ हसला नाही, त्यानं मोटार हळू केली.

मिस्त्रीनं इंजिन खालून उघडलं, बेअरिंग हलवून पाहिली. ती ठीक होती. मग वरून उघडून आतली काजळी खरवडली. आवाज तसाच. शेवटी हात पुसत तो म्हणाला की पेट्रोलमध्ये भेसळ असली तरी चढावर असंच वाजतं, कुपनावरचं पेट्रोल पुरत नाही म्हणून किती तरी जण घासलेट ओततात. त्यानं ते सहज सांगितलं होतं. मी ते घरी घेऊन आलो, आणि त्या संध्याकाळी भाऊ शेजारी जेवायला बसला तेव्हा त्याच्या हातांना घासलेटचा वास आला. सीटखालचं फडकंही त्याच वासाचं निघालं. त्याला विचारावं असं मला वाटलं नाही. मला उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सीटा भरल्या होत्या. तो मोटारीपुढे वाकून ती सुरू करायचं हँडल लावत होता. त्याच्या उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. ती मी बरेच दिवस पाहत होतो, तिच्याबद्दलही विचारलं नव्हतं. मी फळीवरून उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पेट्रोलमध्ये घासलेट ओततोस आणि माझ्याच घरात जेवतोस? हेच शिकवलं का तुझ्या वहिनीनं?"

पहिल्या वाक्याला त्यानं मान वर केली होती. दुसरं ऐकून ती खाली गेली. त्यानं हँडल काढलं, फळीवर आवाज न करता ठेवलं, आणि तो बाजाराच्या दिशेनं चालू लागला. पुढे कोणाकडून तरी कळलं, जळगावला एका जिनिंगच्या ट्रकवर तो लागला आहे आणि पिंप्राळ्यात राहतो.

मोटार मी चालवू लागलो. पेट्रोल मी स्वतःच्या हातानं ओतलं, आणि पहिल्याच चढाला टकटक झाली. खरं म्हणजे तिथंच मोटार फिरवून जळगावचा रस्ता धरायला हवा होता. मी साक्रीला गेलो. मोठा भाऊ धाकट्याच्या दारात जाऊन काय म्हणतो, हे मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी ते टाळत राहिलो. घरी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मला कधी नीट थापता आली नाही. ती जाड व्हायची, मधे कच्ची राहायची, आणि मी ती तशीच खायचो. बायकोचं पातेलं, भावाची पितळी, दोन्ही चुलीवरच्या फळीवर पालथी होती. काही दिवस मी परतीच्या रस्त्याला सीटा नसताना मुद्दाम चढावर मोटार दामटायचो, टकटक व्हावी म्हणून. तेवढाच एक आवाज दिवसभर माझ्यासोबत असायचा.

मग साक्रीला एका बाजाराच्या दुपारी हँडल उलटं फिरलं आणि माझ्या मनगटावर बसलं. हात सुजून आला. सीटा दुसऱ्या मोटारीकडे गेल्या. मी फळीवर बसून मनगटाला उपरण्याचा तुकडा गुंडाळला, आणि तो गुंडाळलेला हात पाहून मला त्याचा हात आठवला.

इंजिनातली ठिणगी फार लवकर पडली तर हँडल असं उलटं मारतं, आणि चढावर टकटकही त्यानंच होते. म्हणून सुरू करताना आणि चढाला, स्टिअरिंगच्या चाकाखालची छोटी दांडी वर सारून ठिणगी उशिरा पाडायची असते. मी दांडी पूर्ण वर सारली होती. बॉनेट उघडलं आणि त्या दांडीची आतली सळई हातानं ढकलून पाहिली. ती अर्ध्यावर अडली. जुने सांधे सैल झाल्यामुळे वर दांडी गेलेली दिसायची, खाली सळई मात्र जागेवर जात नव्हती. तिच्यावरची नाड्याची गाठच आड येत होती. वर्षांवर वर्षांची, तेल आणि धूळ खाऊन दगडासारखी झालेली. पण तिची एक बाजू धुतलेली होती. तिथं कुंकवासारखा लाल रंग दिसत होता, आणि घासलेटचा वास येत होता.

मी डाव्या हातानं आणि दातांनी ती गाठ सोडवली. परत येताना सगळे चढ मुकाट गेले. नाडा रस्ताभर माझ्या खिशात होता.

हात चालायला लागल्यावर मी जळगावला गेलो. पिंप्राळ्यात मोटारीचा आवाज ऐकून तो आपणहून बाहेर आला. माझ्याकडे न पाहता तो बॉनेटजवळ गेला, कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज गया."

मी खिशातून नाडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटून पाहिला.

मी विचारलं, "ही गाठ अडते हे तुला माहीत होतं?"

"शेवटले ध्यानमा उनं. तेल निघनं म्हंजे दबी जाई, असं वाटे. तोडीसन टाकाना जीव नही व्हयना. वहिनीना हातनी गाठ शे ती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगं असतं ते तुम्हीन तोडी टाकी असती." त्यानं नाडा मुठीत घेतला. "आनि तुम्हीन इचारं कोठे, भाऊ? तुम्हीन सांगं."

मी त्याच्या दारातच हात जोडले आणि बोलायला लागलो. त्यानं माझे हात धरून खाली केले. "आठे नको. जठे बोलनात, तठे बोला."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो माझ्याबरोबर धुळ्याला आला. मोटार त्यानं चालवली, मी फळीवर उभा राहिलो. पारोळ्याला आम्ही थांबलो. तिथं चहा घेताना त्यानं माझ्या मनगटाकडे पाहून विचारलं, दुखतं का अजून. मी म्हणालो, थंडीत दुखतं. तो म्हणाला, त्याचंही.

स्टँडवर त्या दिवशीचेच ड्रायव्हर होते, साक्रीच्या सीटा भरत होत्या. मी फळीवरून उतरलो. लोक वळून बघेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "ह्याच जागी मी माझ्या भावाला घासलेट मिसळणारा म्हणालो होतो. ते खोटं होतं. त्यानं कधी थेंबभर मिसळलं नाही. त्याच्या वहिनीचं नाव घेऊन बोललो, ती माझी त्याहून मोठी चूक." मग मी त्याच्याकडे वळलो. तो चाकावर हात ठेवून समोर पाहत होता. "मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आणि कळल्यावरही आलो नाही. चुकलो रे. मला माफ कर."