इंग्रजीतलं भांडण

मी चिंचणीला घरी बसून मुंबईतल्या एका कंपनीचं काम करते. हुद्दा क्लाउड आर्किटेक्ट. हे वडिलांना समजावताना मी तारापूर एमआयडीसीतल्या गाळ्यांचा आधार घेतला होता. कंपनीने स्वतःची यंत्रं न घेता दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रांवर जागा भाड्याने घ्यायची. कुठला गाळा कशासाठी, कुठल्या दाराची किल्ली कोणाकडे, हे मी ठरवायचं. "म्हणजे वॉचमन," वडील म्हणाले आणि मिरचीच्या वाफ्यांकडे परत गेले.

त्या गाळ्यांत माल आणून टाकणारी, निवडणारी, त्याचा हिशेब लावणारी मंडळी म्हणजे डेटा टीम. आमचे ग्राहक दूध आणि औषधं थंड गाड्यांतून पाठवतात. कुठल्या गाडीत गारवा कमी पडला, याचा अहवाल त्यांना रोज सकाळी नऊला लागतो. हा नऊचा अहवाल हळूहळू जेवणाच्या वेळेला पोचायला लागला. डेटा टीम म्हणायची, क्लाउडवाल्यांनी यंत्रं हळू ठेवली आहेत. आम्ही म्हणायचो, डेटावाल्यांना काम नीट मांडता येत नाही.

डेटा टीमची प्रमुख एक बाई होती. आमची ओळख फक्त कॉलवर आणि मेलवर, दोन्ही इंग्रजीत. ती लिहायची, "आधीच्या मेलमध्ये म्हटल्याप्रमाणे." मी लिहायची, "आपल्या आठवणीसाठी पुन्हा जोडत आहे." दोघी एकमेकींचे आभार मानायचो, आणि जितका राग जास्त तितके आभार जास्त. एकदा तिने एका मेलमध्ये तीन ठिकाणी आभार मानले. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि वाडीत जाऊन चिकूच्या झाडाखाली बराच वेळ उभी राहिले.

असं कित्येक महिने चाललं. मग एका कॉलवर ती तिचा माइक बंद करायला विसरली. नोएडाचे आमचे साहेब काहीतरी आकृती दाखवत होते आणि मध्येच तिचा आवाज आला, इंग्रजीतला नव्हे, खरा.

"आये, त्या सेक्रेटरीला सांग, टेरेस काय त्याच्या बापाची नाय. सुके बोंबील हायेत म्हणावं, बॉम्ब नाय."

साहेब थांबले. ही सूचना आकृतीबद्दल आहे का, असं त्यांनी विचारलं. मला हसू आवरेना आणि माझाही माइक चालू होता. कॉल संपताच तिचा मेसेज आला, पहिल्यांदाच मराठीत: "तू कुठची?"

मी सांगितलं, चिंचणीची. तिचा लगेच फोनच आला. ती खाडीपलीकडची, तारापूरची निघाली. घरची बोट, भाऊ अजून समुद्रावर जातात, ती आईला घेऊन बोयसरला फ्लॅटमध्ये राहते. आई बिल्डिंगच्या गच्चीवर मासळी सुकवते आणि त्यावरून सोसायटीत रोज तंटा. इतके महिने आपण एका खाडीच्या दोन काठांवरच्या असून नोएडामार्गे भांडतोय, हे कळल्यावर आधी दोघी पोटभर हसलो. मग ती म्हणाली, "आता नीट भांडूया."

आणि आम्ही नीट भांडलो. ग्राहकांची माहिती सुरक्षित राहावी म्हणून मी ती वर्षभरापूर्वी मुंबईच्या यंत्रांवर हलवली होती. तिच्या टीमचे प्रोग्रॅम मात्र जुन्या ठिकाणी, परदेशातच चालत होते. रोज सकाळी सगळा माल समुद्र ओलांडून जायचा आणि अहवाल होऊन परत यायचा. हे ऐकून ती म्हणाली, "बर्फ एका बंदरात नि मासळी दुसऱ्या बंदरात ठेवलीस तर वास येणारच ना गो?"

मग माझी पाळी आली. मी बघितलं तर कालच्या एका दिवसाच्या अहवालासाठी तिची माणसं रोज सुरुवातीपासूनची सगळी माहिती उपसत होती. मी म्हटलं, एका वाफ्याला पाणी पायजे म्हणून तुमी रोज अख्खी वाडी शिंपता, डोकं हाय की नाय? ती म्हणाली, नाय, ते नोएडाला ठेवलंय. त्याच आठवड्यात तिचे प्रोग्रॅम मुंबईला आले, तिने फक्त कालची माहिती उचलायची सोय केली, आणि अहवाल नऊच्या आत पोचायला लागला.

नंतर आम्ही ठरलेल्या कॉलवर थोडं आधीच येऊन आपसात बोलून घ्यायचो. आमच्याकडचं बोलणं मुळातच वरच्या पट्टीतलं. पलीकडच्या होडीतल्या माणसाला ऐकू जावं अशी तिची सवय, वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशी माझी. एकदा साहेबही आधीच येऊन बसले होते, कॅमेरा बंद ठेवून. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. त्यांनी पाच मिनिटं आमचं ऐकलं, न बोलता निघून गेले आणि एचआरला कळवलं की क्लाउड आणि डेटा यांच्यातला संघर्ष हाताबाहेर गेला आहे.

आम्हाला मेल आला: संवाद सुधारण्यासाठी एक दिवसाचं सत्र, समोरासमोर, मनोरला हायवेवरच्या एका हॉटेलात. साहेब आणि एचआरची बाई विमानाने येणार होते. आम्ही खुलासा पाठवला, पण तो इंग्रजीत होता आणि त्यात आम्ही दोघींनी एकमेकींचे आभार मानले होते, त्यामुळे कोणाचा विश्वास बसला नाही. दोघींसाठी दोन वेगळ्या गाड्या पाठवू का, असं साहेबांनी आपुलकीने विचारलं.

मी स्कूटरने बोयसरला गेले, तिला मागे बसवलं आणि आम्ही मनोरला पोचलो. साहेब हॉटेलच्या दारात उभे होते. दोघींना एका स्कूटरवरून उतरताना बघून ते एचआरच्या बाईकडे वळले. ती हळूच म्हणाली की असा वरवरचा समेट कधीकधी जास्त धोक्याचा असतो. शिवाय दिवसभराचा कार्यक्रम आखलेला होता.

पहिला खेळ असा: समोरासमोर बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि एक जुनी तक्रार सांगायची. वाक्याची सुरुवात ठरलेली, "तू जेव्हा असं करतेस, तेव्हा मला वाटतं की..." आणि सगळं इंग्रजीत. ती म्हणाली, तू जेव्हा माझ्या नव्या माणसांना किल्ल्या नाकारतेस, तेव्हा मला वाटतं की माझ्यावर तुझा विश्वास नाही. मी म्हटलं, तू जेव्हा कारण न देता किल्ल्या मागतेस, तेव्हा मला वाटतं की मला गृहीत धरलं जातंय. ती म्हणाली, हे मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार. मी म्हटलं, ऐकून घेतल्याबद्दल मीच आभारी आहे.

एचआरची बाई समाधानाने मान हलवत होती. माझे कान तापले होते. समोर बसलेल्या माझ्या तारापूरकरणीचाही चेहरा उतरला होता. इतके दिवस जे मिटलं होतं ते तासाभरात त्या सत्राने पुन्हा उभं केलं, आणि चहाच्या वेळी आम्ही दोघी दोन वेगळ्या खिडक्यांपाशी जाऊन उभ्या राहिलो. मला खरंच वाईट वाटत होतं. स्कूटरवरून परत कसं जायचं, याचीही चिंता लागली.

जेवणाच्या टेबलावर तिने ताट सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय गो, खरंच तुला वाटतं मी तुला गृहीत धरते?"

"मग किल्ली कशाला पायजे ते सांगत का नाय?"

"तू इचारतेस पोलिसासारखी, म्हणून."

"आणि तू मागतेस मालकिणीसारखी."

एव्हाना आवाज नेहमीच्या पट्टीत पोचले होते. पलीकडच्या टेबलावरचं कुटुंब जेवायचं थांबलं. साहेब अर्धवट उठले आणि आमच्या दोघींच्या मधे हात आडवे धरून उभे राहिले. तेवढ्यात आमचं ठरलंसुद्धा: तिच्या माणसाने एका ओळीत काम सांगायचं, मी लगेच किल्ली द्यायची, आणि ती किल्ली संध्याकाळी आपोआप बंद होईल अशी सोय मी करायची. तिने माझ्या ताटातला पापड उचलून खाल्ला.

"झगडा खतम, सर. बैठिए," ती म्हणाली.

साहेब बसले, पण दुपारभर त्यांनी आम्हाला शेजारी बसू दिलं नाही. एचआरच्या बाईने सत्र कमालीचं यशस्वी झाल्याचं कळवलं आणि त्याचं श्रेय डोळ्यांत बघण्याच्या खेळाला दिलं. आम्ही ते नाकारलं नाही, कारण नाकारायचं तर पुन्हा इंग्रजीत लिहावं लागलं असतं.

आता कंपनीत कुठल्याही दोन टीमचं बिनसलं की त्यांना मनोरला पाठवतात. गेल्या महिन्यात चेन्नईचे दोघे आले होते. आम्ही दोघी संध्याकाळी त्यांना भेटायला गेलो. त्यांना खेळांचा फारसा उपयोग झाला नव्हता, पण जेवण आवडलं म्हणाले.