रेलिंग संपलं तिथे

माझी खुर्ची लिफ्टमध्ये होती आणि मी स्क्रीनसमोर उभी होते, तेव्हा मला ते रेलिंग दिसलं.

खुर्ची लिफ्टमध्ये असण्याचं कारण रिऑर्गनायझेशन. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. तिसऱ्या मजल्यावरचे लोक पाचव्यावर, पाचव्यावरचे दुसऱ्यावर, असा खेळ चालू होता. दर दोन दिवसांनी मेलवर नवा चार्ट यायचा. आपलं नाव कुठल्या चौकटीत पडलंय ते शोधेपर्यंत चहा गार व्हायचा. त्या आठवड्यात ऑफिसात कुणी धड बसलेलं मी पाहिलं नाही.

आम्ही जहाजं डिझाइन करतो. हैदराबादेत. हे सांगितलं की नातेवाईक हमखास विचारतात, "मग सोडता कुठे, हुसेनसागरात?" पोलाद कापणं, जोडणं हे किनाऱ्यावरच्या यार्डात होतं. पण त्याआधी अख्खं जहाज, त्यातला एकेक पाईप आणि एकेक केबल, कॉम्प्युटरमध्ये उभं करावं लागतं. त्याला मॉडेल म्हणतात, आणि ते कुठेही बसून करता येतं. मालवाहू जहाजांचं काम येतं, नौदलाचंही येतं. हे जहाज नौदलाला रसद पोचवणारं होतं आणि माझ्यापुढे त्याची इंजिन रूम होती.

माझं काम चेकरचं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आई म्हणते, लहानपणापासून दुसरं केलंस काय!

मॉडेलमध्ये दोन वस्तू एकमेकींत घुसल्या की लाल होतात. त्याला क्लॅश म्हणतात. त्या दिवशी क्लॅश शून्य होता, सगळं हिरवंगार. शुक्रवारी फ्रीझ होतं. फ्रीझ म्हणजे मॉडेल गोठवायचं. त्यानंतर यार्ड पोलाद कापायला घेतं आणि काही बदलायचं म्हटलं तर कापलेलं पुन्हा कापावं लागतं.

इंजिनच्या बाजूने एक अरुंद वाट जाते आणि शेवटी सुटकेच्या दरवाज्याशी पोचते. आग लागली तर माणसांनी त्या दरवाज्यातून शिडीने वर जायचं. वाटेला डाव्या हाताला रेलिंग. मी सवयीने स्क्रीनवर बोट ठेवून रेलिंगबरोबर चालले. बोट सरळ गेलं, डावीकडे वळलं, तेल साफ करणाऱ्या मशीनच्या मागे गेलं आणि भिंतीशी थांबलं. दरवाजा मागे राहिला होता, उजवीकडे.

उजेड असेल तर काहीच बिघडत नाही. समोर दरवाजा दिसतो, माणूस रेलिंग सोडून तिकडे जातो. पण इंजिन रूमला आग लागते तेव्हा आधी धूर होतो, आणि धुरात माणूस हाताने बघतो. 

मी जावेदभाईंना बोलावलं. पाईपिंगचे लीड, माझ्याच वयाचे, रोज माझ्या डब्यातली ठेच्याची बाटली रिकामी करणारे. त्या कोपऱ्यातला पाईप त्यांनीच महिन्यापूर्वी सरकवला होता. पाईप आडवा आला म्हणून रेलिंग मागे वळवलं होतं.

"मॅडम, लाल किदर है? पूरा हरा है ना. कायकू परेशान होरे आप?"

"जावेदभाई, धुरात हिरवं दिसतं का?"

त्यांनी स्क्रीनवर त्या पाईपवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "वो पाईप हटाया तो उसके पीछे के सब हटाना पडते. फ्रीझ गया समझो."

मी प्रोजेक्ट हेड मूर्ती सरांकडे गेले. नव्या कंपनीतून आलेले, घाईत असलेले, पण मनाने वाईट नाहीत. ते स्वतःच्या केबिनच्या दारात उभे होते, कारण केबिनमध्ये सुतार होता.

"अम्मा, रूलमध्ये बसतंय का? रुंदी आहे? उंची आहे?"

"आहे सर."

"रेलिंग आहे?"

"आहे. म्हणूनच तर भीती वाटते."

त्यांना ते कोडं वाटलं. "निरीक्षण म्हणून लिहून ठेव. फ्रीझनंतर बघू. तू सही कर."

गोम त्या सहीतच होती. नव्या चार्टमध्ये चेकर्सचा गटच नव्हता. आम्हा सगळ्यांना वाटून टाकलं होतं. मी सोमवारपासून जावेदभाईंच्या हाताखाली जाणार होते, म्हणजे ज्यांचं काम तपासायचं त्यांनाच रिपोर्ट करायचं. जावेदभाईंनी चार्ट बघून कानाला हात लावले होते, "मैं आपका बॉस? तौबा!" पण मुद्दा तो नव्हता. सोमवारपासून चेकरच्या सहीची गरजच उरणार नव्हती. शुक्रवारपर्यंत मात्र माझ्या सहीशिवाय फ्रीझ होत नव्हतं. ती दिली की रेलिंग तसंच राहणार. नाही दिली तर कुणाला ठेवायचं नि कुणाला नाही ते ठरत असताना माझ्या नावापुढे 'अडवणूक करते' असं लागणार.

संध्याकाळी नारायणगुड्याच्या घरात मी हॉलपासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या घालत होते. घर माझ्या पगारावर चालायचं. बाबांची पेन्शन आईच्या गुडघ्यांसाठी कोठी भागातल्या दवाखान्यातच संपायची.

"बस की गं बाई एका जागी," आई म्हणाली. "किती हिंडायलीस? बघून बघून माझेच गुडघे दुखायलेत."

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी रेल्वेत नोकरी केली, नांदेडहून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "पटत नसंल तर सही करू नकोस," ते म्हणाले, "पण नोकरी गेली तर बाबा म्हणाले होते असं आईला सांगू नकोस."

आई तिथेच बसली होती.

सकाळी ऑफिसात शिरले तर चौथा मजला रिकामा. जुनी पार्टिशनं काढून भिंतीला टेकवलेली, सामान बांधायची दोरी इकडेतिकडे पडलेली. मी उभी राहून बघत राहिले. मग जावेदभाईंना हाक मारली.

"कायकू?" पार्टिशन उचलता उचलता त्यांनी विचारलं.

"इंजिन रूम बांधायची आहे."

मॉडेलमधली मापं टेपने जमिनीवर घेतली. पार्टिशनं उभी करून वाट केली. तेलाच्या मशीनच्या जागी दोन स्टीलची कपाटं ढकलली. कमरेच्या उंचीवर दोरी ताणून रेलिंग केलं, अगदी मॉडेलसारखं, कपाटांच्या मागे नेऊन बांधलेलं. दरवाज्याच्या जागी दोन पार्टिशनांमध्ये फट ठेवली. जावेदभाई घामाघूम झाले. स्वतःचाच पाईप खोटा पाडायला हा माणूस माझ्याबरोबर कपाटं ढकलत होता, हे मी विसरणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मूर्ती सरांना घेऊन आले. मागोमाग अर्धं ऑफिस आलं. बसायला जागा नसली की माणसं तमाशा शोधतातच.

"सर, तुम्ही इंजिनपाशी आहात. धूर झालाय. बाहेर पडा." मी माझी ओढणी पुढे केली.

ते हसले. सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. डोळे बांधून घेतले, डावा हात दोरीवर ठेवला आणि भराभर निघाले. वळणावर दोरीबरोबर वळले. कपाटांच्या मागे गेले. पार्टिशनवर हात आपटला.

"रेलिंग संपलं."

"हो सर."

"दरवाजा कुठंय?"

जावेदभाई बोलणार होते. मी त्यांचा हात दाबला. मला स्वतःलाच ओरडून सांगावंसं वाटत होतं. मूर्ती सरांनी समोर चाचपलं, बाजूला चाचपलं, डोकं कपाटावर आपटलं. त्यांच्या तोंडून "अय्यो" निघालं आणि कुणी हसलं नाही. श्वास जोरात येऊ लागला होता. मग त्यांनी अशा वेळी कुणीही करेल तेच केलं. पुन्हा दोरी पकडली आणि जिकडून आले तिकडे परत निघाले.

इंजिनकडे. आगीकडे.

चार पावलं गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. ते थांबले, ओढणी सोडली आणि मागे वळून पाहिलं. दरवाज्याची फट त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होती. दोनदा तिच्यासमोरून गेले होते.

ओढणी त्यांनी माझ्या हातात दिली. "क्लायंटला मी सांगतो," ते म्हणाले. "जावेद, पाईप हलव."

"हौ सर," जावेदभाई म्हणाले.

फ्रीझ पुढे गेलं, आणि एवढ्या जहाजापुरती चेकरची सही मूर्ती सरांनी कायम ठेवली. पाईप हलला, रेलिंग सरळ दरवाज्यापर्यंत आलं, आणि मग मी सही केली. चेकर म्हणून माझी ती शेवटची सही. चार्ट काही बदलला नाही. आमचा गट मोडला आणि मी जावेदभाईंच्या हाताखाली गेले. ते अजून मला मॅडमच म्हणतात आणि ठेचा अजून संपवतात. पुढे सर्क्युलर आलं की यापुढे प्रत्येक जहाजाच्या सुटकेच्या वाटेवर डोळे बांधून चालून बघायचं. कल्पना मूर्ती सरांची, असं त्यात लिहिलं होतं. मला राग आला. दोन दिवस टिकला. मग वाटलं, चालले तर तेच होते.

माझी खुर्ची दुसऱ्या मजल्यावर सापडली, एक चाक कमी. तिच्यावर तोल सांभाळत मी हे शिकले: साहेबांना चूक स्क्रीनवर दाखवत बसू नये. त्यांना त्या चुकीत उभं करावं आणि आपण गप्प राहावं. यातलं गप्प राहणं सगळ्यात जड जातं.